शिळ्या पाण्याची घागर

मी तांब्याची घागर आहे. बोलायची सवय नाही मला, त्यामुळं आवाज कापला तर समजून घ्या. तशी मी जन्माचीच भित्री. भांडं पडलं, कुत्रं भुंकलं, खालून टेम्पो गेला, की माझ्या अंगातून एक बारीक झणझण जाते. घरातल्यांना ती ऐकू येत नाही. आली असती, तर आज हे सांगायची वेळच आली नसती.

संभाजीनगरला, मुकुंदवाडीच्या पुढं, गुंठेवारीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर मी असते. दोनच खोल्या आहेत. तिथं हनुमान, त्याची बायको दिपाली, त्यांची सहावीतली लेक प्रांजली आणि हनुमानची आई सुगंधाबाई राहतात. मी सुगंधाबाईची. तिच्याबद्दलची एक गोष्ट मला दोन महिने ठाऊक होती, आणि मी कुणाला सांगू शकले नाही.

माझा जन्म ठोक्यांनी झाला. तांबटानं पत्रा तापवला, वाकवला आणि दिवसभर हातोडीनं माझं पोट घडवत बसला. दचकणं तेव्हाच अंगात मुरलं असणार. सुगंधाबाईच्या वडलांनी मला पिशोरच्या बाजारातून आणलं आणि लग्नात लेकीबरोबर दिलं. तिच्या नवऱ्याची, मुंजाबाची, दीडशे मेंढरं होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि लासूर स्टेशनच्या बाजूला निघायचं. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. दोन-चार मुक्काम झाले की पुढचं रान.

रान बदलायचं, विहीर बदलायची. एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. सकाळी उठल्यावर सुगंधाबाई आधी मला रिकामी करायची. रातचं पाणी म्हणजे शिळं. ते घरच्यानं प्यायचं नाही, आल्यागेल्याला तर द्यायचंच नाही. ते बाभळीच्या बुडाशी नाहीतर मेंढरांपुढं ओतायचं, मग मला राखेनं आणि लिंबाच्या फोडीनं घासायचं, आणि तेव्हा कुठं ताजं भरायचं. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं तिला सगळ्यांत आधी हेच शिकवलं होतं. बाई कामाची आहे की नाही, हे आमच्यात घागरीच्या काठावरून ठरायचं. मी रोज अशी लखलखायची की मुंजाबा माझ्यात बघून मिशी सारखी करायचा.

दोन वर्षांमागं मुंजाबा गेला. मेंढरं बसवून घेणारी रानंही कमी झाली होती, कुठं प्लॉट पडले, कुठं तारेची कुंपणं आली. एकट्या बाईनं कळप कसा सांभाळायचा? मेंढरं विकली. हनुमान चिकलठाण्याच्या एका कंपनीत कामाला होता. यंदाच्या थंडीत तो आईला न्यायला आला तेव्हा म्हणाला, "माय, समदं हाय तिथं. काई घेऊ नको."

तिनं मला घेतलं.

एसटीत ती मला मांडीवर धरून बसली होती. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, घागरीचं तिकीट काढलं का?"

"मांडीवरच्या लेकराला तिकीट लागतं व्हय रं?" ती म्हणाली. सगळी गाडी हसली. सुगंधाबाई अशी होती. ती अशी होती, हे लक्षात असू द्या, कारण पुढं ती तशी राहिली नाही.

आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी नळाला पाणी आलं. खालून मोटर सुरू झाली आणि मी एवढी दचकले की विचारू नका. जिन्याच्या तोंडाशी दोन निळे ड्रम होते, ते भरले. बादल्या, पातेली, बाटल्या, अगदी प्रांजलीचा खाऊचा डबासुद्धा भरला. मलाही भरलं. दिपाली पळत होती, हनुमान पाइप धरून ओरडत होता. सुगंधाबाई दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, आपण आलो म्हणून पोरांनी एवढं पाणी भरलं. कुणी तिला काही सांगितलं नाही. सांगायचं सुचलंच नसेल. ज्यांना रोजचं झालेलं असतं त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी हनुमान ड्युटीवर गेला, दिपाली पॅकिंगच्या कामाला आणि प्रांजली शाळेत. घरात आम्ही दोघीच उरलो. सुगंधाबाईनं पदर खोचला.

"एवढं शिळं पाणी," ती माझ्याशीच बोलली. "पोरीला बिचारीला येळ कुठं मिळतो."

सुनेला मदत करायची म्हणून तिनं आधी मला ओतलं. मग पातेली, बादल्या, बाटल्या. मग ड्रम. ड्रम तिला कलंडेना, तर मग्ग्यानं उपसून उपसून मोरीत ओतला. दुसराही ओतला. सगळं घासून काढलं. मला तर असं चमकवलं की खिडकीचं ऊन माझ्यावरून छतावर नाचायला लागलं. मग तिनं नळ सोडला. नळातून फुस्स अशी हवा आली आणि तीही थांबली.

ती तिथंच बसली. पाणी येईल म्हणून दुपारपर्यंत नळाजवळ बसून राहिली.

दिपाली संध्याकाळी आली आणि हात धुवायला मोरीत गेली.  तिनं एकेक झाकण उघडून बघितलं. शेवटचं झाकण उघडल्यावर ती जमिनीवरच बसली.

"आत्या," ती म्हणाली. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडं रीत आहे. "आत्या, पाणी कुठंय?"

"शिळं झालं व्हतं, ओतलं. नळ काय येईना बाई आज."

"नळ आठ दिवसांनी येतो, आत्या. आठ. कधी नऊ."

खालच्या मजल्यावर घरमालकीण शैलाकाकू राहतात. कुणाच्याही घरात भांडं वाजलं की त्या जिना चढून येतात. त्या आल्या, रिकामे ड्रम बघितले आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई! आजींनी आल्या आल्या दिवाळी केली की! आजी, इथं सून रुसली तर चालते, नळ रुसून नाही चालत." मग त्यांनीच दोन कळश्या पाणी वर पाठवलं, हेही सांगायला हवं. बोलतात खरं, पण देतातही.

हनुमान रागावला. मग त्यानं टँकर मागवला. दिपाली एका शब्दानं बोलली नाही. फक्त दोन दिवसांनी सोयगावच्या बहिणीला फोनवर सांगताना हसली. "अगं, दोन्ही ड्रम! मग्ग्यानं! मला तर रडावं का हसावं कळेना." वाईट हेतू नव्हता तिचा. दमलेलं माणूस हसून मोकळं होतं. पण सुगंधाबाई दाराआड लसूण सोलत होती. तिचे हात थांबले. ते मला दिसलं.

त्या दिवसापासून तिनं पाणी पिणं कमी केलं.

सुरुवातीला मलाही कळलं नाही. माझ्यातलं पाणी उतरत नव्हतं, मला वाटलं थंडी असेल. पण फाल्गुन सरला, चैत्र आला, वरचा स्लॅब तव्यासारखा तापायला लागला, तरी पाणी तेवढंच. ती सकाळी चहा घ्यायची. जेवताना दोन घोट. दुपारी ओला फडका ओठांवर फिरवायची. गुडघ्याच्या गोळ्या कोरड्याच गिळायची, डोळे मिटून, मान वर करून. आल्यागेल्याला मात्र गार पाणी पुढं करायची, आणि ते पीत असताना दुसरीकडं बघायची.

मला घासणंही बंद झालं होतं. माझा काठ काळा पडला, गळ्याशी हिरवे डाग आले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की कालचं पाणी, परवाचं पाणी, सहाव्या दिवसाचं पाणी माझ्यात तसंच असायचं, आणि सुगंधाबाई झाकण उचलून त्याच्याकडं बघायची आणि झाकण परत ठेवायची. चाळीस वर्षांची रीत तिनं मुकाट्यानं मोडली होती. तिच्या जागी नवी रीत तिला कुणी शिकवली नाही, म्हणून तिनं स्वतःच एक बनवली.

प्रांजली कधी कधी विचारायची, "आज्जी, तू पाणीच पीत नाहीस का गं?"

"पेले की आत्ताच. तू शाळंत व्हतीस."

एकदा दिपालीनंही हटकलं. तर सुगंधाबाईनं तिच्यादेखत तांब्या भरून घेतला, तोंडाशी नेला. दिपालीचा फोन वाजला, ती वळली. सुगंधाबाईनं तांब्या परत माझ्यात ओतला. अगदी हळू, काठावरून, आवाज होऊ नये म्हणून. ओठ लागलेले नव्हते त्याला. परत आलेलं ते पाणी माझ्या अंगाला चटका देऊन गेलं. मी ओरडले. खरंच ओरडले मी. पण घागर ओरडली तर कुणाला ऐकू येणार? भरलेली घागर तर वाजतसुद्धा नाही.

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी नळ आला. घरात सगळे होते. मोटर सुरू झाली, धावपळ झाली. सुगंधाबाई मला उचलून नळाकडं निघाली आणि दोन पावलांवर कोसळली. मी तिच्या हातातून सुटले, उंबऱ्यावर आपटले, जिन्यावरून गडगडत खाली गेले. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज सगळ्यांना ऐकू आला. शैलाकाकू बाहेर आल्या, रस्त्यावरची माणसं थांबली. पण तो आवाज फारच उशिराचा होता.

तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नळ उघडाच राहिला. पाणी भरून वाहून गेलं आणि त्या दिवशी त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

पुढचं मला दिपालीच्या तोंडून कळलं. चौथ्या दिवशी ती कपडे न्यायला घरी आली, शैलाकाकू मागोमाग आल्या. दिपालीनं का कुणास ठाऊक मला पुढ्यात ओढलं आणि चिंच घेऊन घासायला लागली. घासता घासता रडायला लागली.

"डॉक्टर विचारतात, दिवसाला पाणी किती पितात? मी म्हटलं, पितात की, मी बघते ना. तर आत्या म्हणाल्या..." तिनं चिंच माझ्या काठावर दाबली. "म्हणाल्या, म्या तुमचं समदं पाणी सांडलं. म्हटलं, निदान माझ्या वाट्याचं तरी पोरीला ऱ्हाऊ दे."

  शैलाकाकू खाली बसल्या आणि माझ्यावर तांब्यानं पाणी ओतू लागल्या.

पंधरा दिवसांनी सुगंधाबाई घरी आली. अर्धी होऊन आली. त्या दिवशी दिपालीनं सगळं नव्यानं मांडून ठेवलं होतं. मी घासलेली, ताजी भरलेली, शेजारी पेला. मला वाटलं, आता पिईल. आता पोटभर पिईल.

पण हनुमाननं डॉक्टरांचा कागद काढला. पाणी न पिण्यानं आणि कोरड्याच गिळलेल्या त्या गुडघ्याच्या गोळ्यांनी तिच्या किडन्या गेल्या होत्या. आता जास्त पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, दम लागतो. म्हणून दिवसभरात एक लिटर. चहा, डाळ, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून एक लिटर. त्याच्या वर थेंब नाही.

प्रांजलीनं आपल्या शाळेच्या बाटलीवर पेनानं रेघा मारून दिल्या. सकाळची रेघ, दुपारची, संध्याकाळची.

आणि आता सुगंधाबाईला तहान लागते. आता ती लपवत नाही. कशासाठी लपवेल?

"पोरी, घोटभर दे की."

"झालं ना आत्या दुपारचं. पाच वाजता देते."

"लई नको. जीभ भिजंल एवढं."

"आत्या, नका ना असं मागू माझ्याकडं."

दिपाली आता घरात पाणी पीत नाही. तिला तहान लागली की ती काहीतरी निमित्त काढून खाली शैलाकाकूंकडं जाते, तिथं पिऊन येते. सुगंधाबाईला ते कळतं. 

दुपारी सगळे गेले की ती सरकत माझ्याजवळ येते. जिन्यावर पडताना माझ्या पोटाला मोठा पोचा आला आहे. त्या पोच्यात तिचा गाल बरोबर बसतो. मी भरलेली असते, गार असते. ती झाकणाला हात लावत नाही, तशीच टेकून राहते. पंधरा लिटर पाणी, आणि मध्ये नुसता एक पत्रा. मी घागर आहे, पाणी देण्यासाठी मला घडवलं. देता येत नसेल, तर भरलेलं असणं किती जड असतं, ते मी कुणाला सांगू?

तुम्हालाच सांगते. तुमच्या घरी कुणी दुसरीकडून राहायला आलं, तर पहिल्याच दिवशी त्याला हाताला धरून घर दाखवा. पाणी कधी येतं, किती पुरवायचं, कुठलं झाकण उघडायचं आणि कुठलं नाही, हे सांगा. चुकलं तर त्याच्यासमोरच हसा, दुसऱ्याला सांगून हसू नका. आणि ते माणूस तहान नाही म्हणालं, तर तांब्या उचलला एवढं बघून वळू नका. घोट घशाखाली उतरेपर्यंत उभे राहा. एका घोटाला कितीसा वेळ लागतो?

थांबते आता. पाच वाजलेत, जिन्यावर दिपालीची चप्पल वाजतेय. सुगंधाबाई भिंतीला धरून सरळ बसली आहे, पदर नीट केला आहे. बाटलीत एक रेघ पाणी उरलंय.