पंचफुलाबाईंची खंजिरी

मी खंजिरी बोलतेय. आधी मला थोडं ऊन खाऊ द्या, मग माझा आवाज ऐका. लाकडाचं कडं, बकऱ्याचं कातडं आणि पितळी चकत्या, एवढाच माझा संसार. पण तोरा म्हणाल तर पखवाजालाही नसेल.

सौंसरजवळच्या एका खेड्यात पंचफुलाबाईंच्या भजन मंडळात मी वाढले. जामसांवलीच्या मारुतीपुढे त्यांनी थाप मारली की निघालेली माणसंही हातात चपला घेऊन उभी राहत. पुढे त्यांचा मुलगा भूपेंद्र पांढुर्ण्यात नोकरीला लागला आणि बिऱ्हाड गावातून शहरात आलं.

"आई, इथं हे वाजवू नको. लोकं देहाती म्हणून हासून राहिले," तो एकदा म्हणाला.

पंचफुलाबाईंनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. त्या दिवसापासून त्यांनी गाणंही सोडलं. मी अडगळीत पडले यापेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही; बाहेरच्यांनी मान दिला आणि घरच्या लेकालाच लाज वाटली.

मला खाली काढलं सुनेनं. अमिता कॉलेजात शिकवते. तिथल्या कार्यक्रमात तिला पश्चिम आफ्रिकेतल्या एका कवीवर बोलायचं होतं. गोऱ्यांचं राज्य गेल्यावर हा कवी आपल्या देशाचा पहिला राष्ट्रपती झाला. ज्या काळ्या रंगाची आणि ज्या गाण्यांची लाज वाटावी असं त्याच्या लोकांना शिकवलं गेलं, तीच आपली श्रीमंती आहे, असं त्यानं ठणकावून लिहिलं. काही कवितांच्या माथ्यावर तर त्यानं आपल्या मुलखातल्या वाद्याचं नाव घातलं, म्हणजे ही कविता त्याच्या साथीनं म्हणायची. ते वाचलं आणि अमितानं पुस्तक मिटून माळ्याला शिडी लावली.

"आई, मी या कवीच्या कविता मराठीत केल्या. साथ तुमची पाहिजे."

"कॉलेजात?" भूपेंद्र दचकला. "हासतीन सारे."

पंचफुलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्यावरची धूळ पुसत होत्या.

आणि लोक हसलेच. सभागृहात कूलर चालू होता. त्याच्या ओलसर हवेनं माझं कातडं सैल पडलं. पहिली थाप पडली आणि मी नुसतं 'भद्' केलं. मागच्या रांगा फिदीफिदी हसल्या, भूपेंद्रनं मान खाली घातली. मला वाटलं, आता मी परत माळ्यावर, आणि या वेळी कायमची.

"तू बोलत राह्य वं अमिता," पंचफुलाबाई शांतपणे म्हणाल्या. "हिले ऊन दाखवा लागते."

त्या मला घेऊन बाहेर उन्हात उभ्या राहिल्या. उघड्या दारातून अमिताचा आवाज येत होता. नंतरचे लेखक या कवीशी कडाकडा भांडले, ती सांगत होती. कुणी म्हणालं, रंगाचा गौरव पुरे, आता उपाशी माणसाचं लिहा. कुणी विचारलं, मग तू गोऱ्यांच्याच भाषेत का लिहितोस? "भांडण रास्तच होतं," अमिता म्हणाली. "पण भांडायला ते ज्या अंगणात उभे होते, ते अंगण त्यानंच सारवलं होतं."

तोवर माझं कातडं ताणलं होतं. आत येताच पंचफुलाबाईंनी थाप मारली आणि मी खणखणले. अमिता कविता म्हणत गेली, मी साथ देत गेले, आणि शेवटी पंचफुलाबाईंचा इतक्या वर्षांचा अडलेला गळाही मोकळा झाला. कोणीतरी उठून कूलर बंद केला. भूपेंद्रची मान वर आली होती आणि डोळे भरले होते.

आता मी बैठकीत, सकाळचं ऊन येतं त्या भिंतीवर असते. खिळा भूपेंद्रनंच ठोकला. पाहुण्यांनी विचारलं की तो सांगतो, "आमच्या आईची आहे. लय भारी वाजवते."

तुमच्याही माळ्यावर माझी एखादी बहीण असेल. तिला खाली काढा. पहिल्या थापेला ती भद् करेल, तेव्हा हसू नका. तिला थोडं ऊन दाखवा. आवाज तिचा तिच्यापाशीच आहे.