हिरवी बाजू गिऱ्हाइकाची, काळी बाजू ताईची

मी जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तर नाही बसला. माझ्या अंगावर आजवर इतके वार झाले आहेत की नुसतं ऐकून एखाद्या लढवय्याने ढाल टाकून घरचा रस्ता धरावा. पण मी मेले नाही, रडले नाही, आणि मलमासाठी कुणाच्या दारात गेले नाही. माझी जखम माझी मीच बुजवते. ब्लेड आत शिरतं, बाहेर पडतं, आणि त्याच्यामागे मी ओठ मिटून घेते.

मित्रांनो, मी एक जुनी कटिंग मॅट आहे. ताटाखाली घालतात तसली नव्हे. कागद आणि पुठ्ठा कापताना टेबलाला चिरा पडू नयेत म्हणून जिला खाली घालतात, ती मी. एका बाजूने हिरवी, तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चौकटी. दुसऱ्या बाजूने काळी आणि साधी. लोक चालून चालून दमतात, मी पडून पडून दमले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तीन थर एकावर एक ठेवून त्यांच्यावर तापलेला लोखंडी दाब आला, आणि त्याच्याखालून मी निघाले ती इतकी सपाट, की तपासायला आलेल्या माणसाने माझ्यावर गोटी ठेवली तर कुठल्या बाजूला घरंगळावं हे त्या गोटीला सुचेना. शेवटी मलाच तिच्याखालून हळूच काढून घ्यावं लागलं. गोटी अजून तिथे अधांतरी उभी आहे म्हणतात. माझ्याबरोबर राहणारी स्टीलची पट्टी या गोष्टीला नाक मुरडते. तिच्या अंगावर आखलेल्या खुणांपलीकडे तिला काही दिसत नाही. जन्मभर माझ्या उरावर पडून राहिली आणि वर मलाच म्हणते, अगं, जरा सरळ राहा.

मला विकत घेतलं एका बहीणभावाने. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा छोटासा डिझाइन स्टुडिओ. बाहेरच्या खोलीत धाकटा, म्हणजे भाऊ. त्याच्याकडे संगणक, फोन आणि गिऱ्हाइकं. आतल्या खोलीत खिडकीखालच्या मोठ्या टेबलापाशी ताई. डब्या, खोकी, पाकिटं, कॅलेंडरं छापायला जाण्याआधी त्यांचा खराखुरा पुठ्ठ्याचा नमुना हाताने कापून, दुमडून, चिकटवून तयार करायचा, हे तिचं काम. दोन खोल्यांच्या मधल्या दारात एक वेताची खुर्ची, आणि तिच्यात त्यांचे बाबा. त्यांनी उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलं होतं. आता घरी एकट्याने बसवत नाही म्हणून मुलांबरोबर यायचे आणि न विचारता मतं द्यायचे. ताईने नवीन डबी हातात दिली की तिच्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवून म्हणायचे, "या अक्षराला पोट सुटलंय. जरा कमी खाऊ घाल."

पहिल्याच दिवशी ताईने मला टेबलावर ठेवलं, दोन्ही बाजूंनी तळहात फिरवला आणि नियम करून टाकला. "हिरवी बाजू गिऱ्हाइकाची. काळी माझी."

धाकटा हसला. "वाटण्या कसल्या करतेस? मॅट आहे ती, शेत नाही."

"म्हणूनच आत्ता करते. एकदा पेरलं की कुणी ऐकत नाही."

काळ्या बाजूवर काय व्हायचं होतं ते मला ताईच्या हातांवरून कळलं, कारण ती माझ्यावर कोपरं टेकून त्याची चित्रं काढायची. एक पुस्तक. पान उघडलं की आतून दुकान उभं राहणार, दुकानाला दार, दारावर पाटी, आणि पाटीवरची अक्षरं पुठ्ठ्यातून कापून वर उचललेली. सगळी दुकानं एकाच रस्त्यावरची: कोपऱ्यावरचा घड्याळवाला, छत्र्या दुरुस्त करणारा, चष्मेवाला, शेवटी फोटोवाला. त्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या बाबांनी रंगवलेल्या. आता तिथे एकही उरलेली नाही. त्यांच्या जागी छापील, उजेडाच्या पाट्या आल्या. बाबांना या पुस्तकाचा पत्ता नव्हता. धाकट्याला एवढंच माहीत होतं की ताई कधीपासून "काहीतरी पुस्तक" करते आहे.

आणि मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. काय सांगू मित्रांनो. बिस्किटांचे डबे, औषधांची खोकी, दंतमंजन, चपलांची पाकिटं. ताईचा हात असा, की एकदा तिने घेतलेला काप इतका सरळ गेला की तो पुठ्ठ्यातून निघाला, टेबल ओलांडून खिडकीबाहेर पडला आणि समोरच्या गच्चीत वाळत असलेल्या शर्टाची बाही वेगळी करून थांबला. त्या शर्टाचा मालक अजून एकच बाही घालून फिरतो. (पट्टी पुन्हा नाक मुरडते आहे. मुरडू दे.)

गिऱ्हाइकं नमुना हातात घेऊन म्हणायची, वा, काय सफाई आहे. ताई मान हलवायची. धाकटा चहा मागवायचा. माझ्याबद्दल कुणी काही बोलत नसे. उलट चहाचा गरम कप माझ्यावरच टेकवायचे. उष्णतेने माझं अंग कायमचं वाकतं, हे त्यांच्या गावी नसे. माझ्या उजव्या कोपऱ्यात जो उंचवटा आहे, तो एका चपलांच्या व्यापाऱ्याची आठवण आहे.

काम सरलं की कधीमधी ताई टेबल पुसायची, मला उलथी करायची, काळी बाजू वर, आणि नवीन ब्लेड लावायची. त्याच क्षणी फोन वाजायचा. यात काही फिरवाफिरवी नाही, हवं तर पट्टीलाच विचारा.

"ताई, एक छोटंसं काम आलंय," धाकटा दारातून म्हणायचा.

छोट्या कामाचं पोट फार मोठं असतं. ते आत घेतलं की महिनाभर जेवत बसतं. ताई मला पुन्हा सुलटी करायची. अशी मी किती वेळा कूस बदलली याचा हिशेब मी ठेवला नाही. पण एक सांगते, वार होऊन जेवढा शीण येत नाही, तेवढा वार होता होता राहून गेल्याचा येतो. पोटाच्या चिंध्या झालेल्या आणि पाठ जशीच्या तशी, अशी मी म्हातारी झाले. ताईचीही कंबर धरायला लागली.

मग एका सकाळी बाबा डॉक्टरकडून आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "मधोमध धुकं आहे. कडेने बरं दिसतं. म्हणजे आता मी तुमच्याकडे बघायचं तर तुमच्या कानाकडे बघायचं." ते हसले. धाकटा हसला नाही. डॉक्टर काय म्हणाले, ताईने विचारलं.

"म्हणाले, जे बघायचं राहिलंय ते बघून घ्या. मी म्हटलं, माझं काय राहिलंय? सगळ्या पाट्या मीच रंगवल्या, सगळ्या मीच बघितल्या."

ताई आत येऊन माझ्यापाशी उभी राहिली. तिने मला उलथी केलं. बाहेर फोन वाजला.

हे छोटंसं काम एका साबणवाल्या साहेबांचं होतं. भेट द्यायचा डबा, आत सहा वड्या. साहेब स्वतः यायचे, लिंबाचा वास घेऊन, आणि सोफ्यात रुतून सांगायचे, "रंग जरा शांत हवा, पण दुकानात ओरडला पाहिजे." असं करता करता डबा सात वेळा बदलला. शेवटचा नमुना दुपारी दाखवायचा ठरला. ताई कापायला बसली आणि माझं म्हातारपण तिच्या आड आलं. बिस्किटांच्या काळात माझ्या पोटावर पडलेली एक खोल चीर आता मला मिटवता येत नव्हती. कोपऱ्याशी आलं की ब्लेड त्या चिरेत घसरायचं. एक पुठ्ठा वाया गेला. दुसरा गेला. तिसरा गेला तेव्हा धाकटा आत आला.

"काय झालं?"

"जुन्या चिरेत जातंय ब्लेड."

"मग उलटी कर की. पाठ कोरी आहे."

"नाही."

"ताई, साहेब निघालेत घरून. उलटी कर, काप, पुन्हा सुलटी कर. मॅटला काय कळतंय?"

"ती बाजू माझी आहे."

"किती वर्षं ऐकतोय मी. माझी बाजू, माझी बाजू." त्याने माझा कोपरा धरला होता. "आहे काय त्या बाजूला? एक चीर दाखव."

ताईकडे दाखवायला चीर नव्हती. मी आयुष्यात कधी लाजले नव्हते, तेव्हा लाजले.

दारातून बाबांनी विचारलं, "कशावरून वाजलंय?"

"काही नाही, बाबा. पुठ्ठ्यावरून."

"पुठ्ठ्यावरून माणसं इतकं हळू भांडत नाहीत."

ताईने कटर धाकट्याच्या हातात दिला आणि त्याला ऐकू येईल एवढंच म्हणाली, "तूच काप. पण हिरव्या बाजूवर काप. ते पुस्तक त्यांच्या रस्त्याचं आहे. त्यांना दिसेनासं झाल्यावर मी ते कुणाला उघडून दाखवू?"

धाकट्याच्या हातून माझा कोपरा सुटला. फार वर्षांनी त्याच्या हातात कटर आला होता. मग त्याने दाराकडे पाहिलं. बाबा त्याच्या कानाकडे बघत होते.

आता पुढचं नीट ऐका, कारण खरी गोष्ट इथेच आहे. मी ठरवलं, पुरे. इतकी वर्षं पडून राहिले, आता उठायचं. मी चारही कोपरे आवळले, पाठ वाकवली, आणि तव्यावरची पोळी उलटावी तशी, कुणाचा हात न लागता, स्वतःची स्वतः उलटले. काळी बाजू वर. पट्टी उडाली ती थेट बाहेर जाऊन फोनच्या वायरीवर पडली आणि वायर तुटली. तेवढ्यात साबणवाले साहेब जिन्याने वर आले, त्यांनी ते पाहिलं, पायातले बूट हातात घेतले आणि "माझं काय, सावकाश होऊ द्या" असं पुटपुटत चवड्यांवर खाली उतरले. मग ताई कापायला बसली. सपासप, सपासप. घड्याळवाला झाला, छत्रीवाला झाला, चष्मेवाला झाला. एकही ब्लेड बदलावं लागलं नाही. धाकटा चिकटवत गेला. शेवटच्या पानावरचा फोटोवाला उभा राहिला तेव्हा ऊन अजून खिडकीतच होतं. ताईने पुस्तक बाबांच्या मांडीवर ठेवलं. बाबांनी चष्मा पुसला, एकेक पान उघडलं, आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकूण एक पाटी न अडखळता वाचून काढली.

म्हणून मित्रांनो, या दमलेल्या म्हातारीचं एवढंच मागणं आहे. माझ्यावर गरम कप ठेवू नका, मला उन्हात टाकू नका, हे तर झालंच. पण प्रत्येकाची एखादी बाजू राखून ठेवलेली असते. ती जपा, पण जपता जपता ती कोरीच राहील इतकी जपू नका. माझी पाठ बघा, कशी भरून पावली आहे, पानापानाची चीर तिच्यावर...

"खोटं," पट्टी म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस."

"खोटं ते खोटं. गोटीचं ऐकून घेतलं, शर्टाचं ऐकून घेतलं, हे नाही ऐकणार. तू उलटली नाहीस. तुला धाकट्याने उलटवलं. साहेब चवड्यांवर कुठे गेले? तासभर सोफ्यात कुरकुरत बसले होते. त्यांचा डबा धाकट्याने जुन्या फळीवर स्वतः कापला, वाकडा, आणि तोच दाखवला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांसाठी नवी मॅट आली, ती बघ बाहेरच्या खोलीत, तिचं नावही काढलं नाहीस तू. आणि पुस्तक कुठे संपलंय? एक पान झालंय, घड्याळवाल्याचं. तेही बाबांनी डोळ्यांनी वाचलं नाही, बोटाने वाचलं. म्हणाले, अक्षर माझंच आहे, पण दार अडकतंय. ते दार ती आज पुन्हा कापणार आहे. हात धुऊन येतेय ती. पाठ सरळ कर."