शीळ ऐकू येत होती

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे, रंगाऱ्यांची. अंगावर इतक्या घरांचे रंग सांडले आहेत की माझं मूळ लाकूड कसं दिसायचं, हे आता मलाही सांगता यायचं नाही. पण माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. तुमच्या डोक्यावरच्या छतापर्यंत तुमच्यापैकी कोणाचाच हात पोचत नाही. माझ्यावर चढला की पोचतो.

मला घडवणारा सुतार अबोल होता. त्याने माझ्या पायऱ्या नुसत्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत, खाचा पाडून नीट बसवल्या. मग गिऱ्हाइकादेखत माझ्यावर चढून उड्या मारल्या. ते गिऱ्हाईक म्हणजे एक रंगारी. अख्खी गल्ली त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणते. काकांनी प्रत्येक पायरीवरून अंगठा फिरवला आणि मला खांद्यावर टाकून घरी आणलं. दारातच काकू म्हणाल्या, "आता ही सवत कुठे ठेवायची?"

काकांच्या हाताखाली दोघे जण तयार झाले. एक त्यांचा मुलगा, ताडमाड उंच, म्हणून लंबू. दुसरा लंबूचा शाळेपासूनचा मित्र. रंगात थेंबभर पाणी जास्त पडलं तरी तो बोलून दाखवायचा, म्हणून त्याचं नाव पडलं मास्तर. दोघे एकाच ताटात जेवायचे आणि एकाच ब्रशवरून भांडायचे.

काकांची एक शिस्त होती. एक जण वर चढला की दुसऱ्याने माझ्या खालच्या पायरीवर पाय रोवून उभं राहायचं आणि शीळ वाजवत राहायचं. वरच्याचे डोळे भिंतीवर असतात. त्याला सारखं खाली बघावं लागलं तर रेघ बिघडते. शीळ ऐकू येते आहे, म्हणजे खाली पाय आहे. शीळ थांबली की वरच्याने हातातलं काम सोडून मला धरायचं. लंबूची शीळ म्हणजे फुटक्या किटलीतली वाफ. मास्तर मात्र सुरात वाजवायचा.

ते माझे सुखाचे दिवस होते. लोक भिंतींचं कौतुक करायचे, माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नसे, पण संध्याकाळी काका मला ओल्या फडक्याने पुसायचे. पुढे काकांना चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी चढायला बंदी केली. लंबूने काकूंना शब्द दिला, "बाबांना शिडीवर पाय ठेवू देणार नाही." काका घरी बसले आणि दिवसभर कुरकुर करू लागले.

आता पुढचं सांगताना माझे सांधे करकरतात.

एका मोठ्या घरातल्या उंच खोलीचं काम चालू होतं. त्या दिवशी काका बरोबर आले होते, नुसते बघायला. दुपारी लंबू अंगणात चहा प्यायला गेला. छताजवळच्या कोपऱ्यात रेघ थोडी वाकडी गेली होती, ती काकांना बघवेना.

"मास्तर, पाय ठेव. एवढा कोपरा मी नीट करतो."

"काका, लंबू मला कच्चा खाईल."

"त्याला सांगतंय कोण?"

ज्यांनी ब्रश धरायला शिकवलं त्यांना मास्तरला नाही म्हणवेना. त्याने पाय ठेवला, शीळ सुरू केली. काका वर चढले. माणूस किती आनंदात आहे ते मला त्याच्या तळपायांवरून कळतं.

तेवढ्यात मास्तरला दिसलं, खिडकीजवळच्या बादलीतल्या रंगावर साय धरते आहे. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. तो ढवळायला गेला. पाय निघाला, पण शीळ काही थांबली नाही. इतक्या वर्षांची ओठांची सवय होती ती. वर काकांनी शीळ ऐकली आणि ते निर्धास्तपणे कोपऱ्याकडे झुकले. माझा पाय फरशीवरून सरकला.

काका त्यानंतर एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले.

घर माणसांनी भरलेलं असताना लंबू मास्तरला म्हणाला, "तू पाय काढलास." मास्तर म्हणाला, "आणि तू त्यांना कामावर आणलंस." एवढंच झालं. पण त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मला मागच्या खोलीत, भिंतीशी उभं करून ठेवलं.

मित्रांनो, भुताच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील. माझं भूत अगदी साधं आहे. खोलीत चिटपाखरूही नसतं आणि माझ्या वरच्या पायरीवर वजन येतं. ते काकांचंच, उजव्या टाचेवर जरा जास्त. मी वाट बघते, खालच्या पायरीवर आता कोणाचा तरी पाय पडेल. पडत नाही.

कधीकधी लंबू यायचा. खालच्या पायरीवर पाय रोवून वर बघत राहायचा आणि निघून जायचा. लंबू घरी नसला की मास्तर काकूंना भेटायच्या निमित्ताने यायचा. तोही अगदी तेच करायचा. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला तोंड नाही.

एके दिवशी लंबू करवत घेऊन आला. माझ्या अंगावर पहिला चरा पडला तेवढ्यात काकू दारात आल्या. त्या म्हणाल्या, "थांब. तोडायची तर मास्तरसमोर तोड." त्यांनी मास्तरला बोलावून घेतलं.

लंबू मान वर न करताच म्हणाला, "जायचं होतं तर जायचंस. शीळ का वाजवत राहिलास? ती थांबली असती तर बाबा थांबले असते."

"माहीत आहे," मास्तर म्हणाला. "रोज कानात तीच वाजते."

मग लंबू खाली बसला.

"मलाही ऐकू येत होती. अंगणात. शीळ तुझी, म्हणजे वर कोण? आत तुम्ही दोघंच होतात. मला कळलं होतं बाबा चढलेत. आईला शब्द दिला होता मी. तरी म्हटलं, शीळ चालू आहे ना, मग चहा संपवून जाऊ."

मला वाटलं, आता काकू त्याला बोलतील. त्यांनी भिंतीला हात टेकला.

"त्यांना तुझ्याबरोबर मीच धाडलं. सकाळपासून डोकं खात होते. म्हटलं, जा एकदाचे."

मास्तर उठला. लंबूच्या हातातली करवत काढून घेतली आणि खुंटीला अडकवली. तिघांपैकी कोणीही कोणाला माफ केलं असं म्हणालं नाही.

आता मी पुन्हा कामावर जाते. लंबू वर असतो, मास्तर खाली. शीळ कोणी वाजवत नाही. लंबू घडोघडी विचारतो, "आहेस ना?" मास्तर म्हणतो, "आहे." दिवसभर हेच चालतं. लंबूच्या रेघा पूर्वीसारख्या सरळ येत नाहीत, आणि मास्तर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

काम संपलं की लंबू उतरतो, हात धुवायला जातो. मी रिकामी असते. तरी मास्तरचा पाय खालच्या पायरीवरच असतो. तो वर, अगदी वरच्या पायरीकडे बघतो आणि कोणी काही विचारलेलं नसताना हळूच म्हणतो, "आहे."

मित्रांनो, मला पुसा, उन्हापाण्यात टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण रिकाम्या शिडीला धरून उभा असलेला माणूस तुम्हाला कधी दिसला, तर त्याला हसू नका आणि घाईने हाकही मारू नका. त्याला थोडा वेळ तिथेच उभा राहू द्या.