वेगळा चाफा

पहाटे वाडीत चाफा खुडता खुडताच फोन टुणटुण वाजायला लागला, तशी मी हातातली फांदीच सोडून दिली. देवाच्या फुलांच्या पुड्यांच्या ऑर्डरी, आणि त्याही माझ्या स्वतःच्या अ‍ॅपवर. प्रोग्रामची एक ओळ न लिहिता, पडद्यावरचे नुसते चौकोन इकडून तिकडे सरकवून मी ते बनवलं होतं. अख्ख्या होळी गावात असलं काही कुणाकडे नव्हतं. तेच तेच दाखवून मी आमच्या ह्यांना भंडावून सोडलं होतं. सोसायटीत दाराच्या कडीला पुडी अडकवली की मी बटण दाबायची, की लगेच त्या घरी निरोप. कसली मजा यायची म्हणून सांगू.

त्यातच सोसायटीतल्या श्रीरंगकाकांच्या शेजारणीचा फोन आला. काकांची बायको, जयवंतीताई, रात्री गेल्या.

ताई माझं पहिलं गिऱ्हाईक. पुडीत देवाची फुलं, आणि एक चाफा वेगळा, त्यांच्या केसांसाठी. आता सुतकात देवपूजा नाही, म्हणजे पुडी बंद करायला हवी. पण बंद केली की अ‍ॅप आपणहून कळवतं, तुमची आठवण येते, पुन्हा सुरू करा. चालू ठेवून पुडी दिली नाही, तर उशिराबद्दल क्षमस्व. ताईंचा फोन आता काकांच्या हातात असणार. आज त्या घरात असलं काही वाजलं तर मी तोंड कसं दाखवू?

मुलाला, अनुजला, उठवलं. त्याने सगळं उघडून बघितलं.

"आई, हे निरोप तयारच येतात. आपल्याला थांबवता नाही येत. त्याला खरं सॉफ्टवेअर लिहून घ्यावं लागेल."

"एवढं हुशार, आणि गप्प बसता येत नाही होय त्याला?"

"नाही. त्यांचं नावच काढून टाक."

कायमचं काढायचं का, असं अ‍ॅपने विचारलं. मी 'हो' दाबलं आणि तिथेच बसून रडले.

मधल्या दिवसांत नवी घरं वाढली. फोन वाजतच होता, आणि मला आनंदही होत होता, खोटं कशाला बोलू.

सुतक फिटल्यावर मी स्वतः पुडी घेऊन गेले. काकांनी दारातच ती उघडली आणि मी जीभ चावली. सवयीने चाफा वेगळा बांधला होता. काकांनी तो उचलून माझ्यापुढे धरला.

"हा हिचा. तुम्ही माळा."

मी तिथेच उभ्या उभ्या तो अंबाड्यात खोचला. काका उरलेली फुलं घेऊन देवघराकडे वळले.