दोऱ्याची गाठ

साबणाच्या त्या छोट्या कारखान्यात लांब टेबलाचा एक नेम होता. शेवटच्या खुर्चीवरच्या मावशींनी दोऱ्याची गाठ मारल्याशिवाय वडी खोक्यात जायची नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर मावशींचा उजवा हात अर्धाच चालायचा, आणि एवढं एकच काम त्याला जमत होतं. ताईने कारखाना काढला तोच अशा बायकांसाठी, ज्यांना दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नसतं.

"मावशी, तुमची गाठ होईपर्यंत माझं लग्न उरकेल," शेजारच्या खुर्चीवरची रेडिओ म्हणायची. तोंडाला विश्रांती नसल्याने पडलेलं नाव.

"होऊ दे की. नवऱ्यालाही बांधून देते, पळायला नको!"

मग पगार थकले. ताईचा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात एका मोठ्या दुकानाची मागणी आली, पण अट होती: दोरा नको, कागदी पट्टी हवी. झटपट होते, एकसारखी दिसते. ताईने देवापुढे बराच वेळ हात जोडले आणि होकार कळवला. बाकीच्यांच्या चुली पेटायच्या होत्या.

मावशींना मात्र खरं सांगायला तिची जीभ रेटेना.

"दोऱ्याचं नंतर बघू, मावशी. तुम्ही नुसत्या बसा. पगार चालूच राहील."

"नुसतं बसायला घर आहे की गं," मावशी हसल्या. तरी रोज आल्या, मांडीवर हात ठेवून बसल्या. वड्या त्यांच्यासमोरून पुढे सरकत राहिल्या.

माल जायच्या सकाळी ताई आली, तर मावशी आधीच हजर. एक खोकं उघडं. त्यातल्या प्रत्येक वडीवर, पट्टीच्या वरून, दोऱ्याची गाठ.

"नंतर नंतर म्हणता म्हणता घाईत विसरून गेलात सगळ्या," त्या कौतुकाने म्हणाल्या. "पहाटेच आले मग. एवढं तरी झालं."

फाटकात गाडी हॉर्न वाजवत होती. ताईने कात्री उचलली. पहिला दोरा तुटला.

मावशींनी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग खोकं जवळ ओढून पुढची वडी उचलली आणि अर्ध्या हाताने दोरा ताणून धरला.

"हळू काप, ताई. कागद फाटेल."