गाडीतलं टोपण

सयाजी सुभेदारांच्या गाडीत एक टोपण होतं. दिसत कधीच नव्हतं, नुसतं ऐकू यायचं. वळण आलं की डाव्या सीटखालून काहीतरी पत्र्याचं घरंगळत जायचं आणि दाराला टेकून गप्प व्हायचं. कुपवाडच्या गॅरेजात तौसीफनं दोनदा सीट उखडून बघितली.

"सुभेदार, आत खिळासुद्धा न्हाई," तो हसला. "आवाज गाडीत न्हाई, तुमच्या कानात हाय. कानाच्या डाक्टरला दावा."

सुभेदार हसले नाहीत. ते टोपण कशाचं, हे त्यांना ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी, ऊसतोडीच्या दिवसांत, त्यांचा चुलतभाऊ भाऊसो त्या सीटवर बसला होता. मांडीवर उघडी बाटली, तिचं टोपण सीटखाली कुठंतरी पडलेलं.

"गाडीत उघडी बाटली नको रं. कायद्यात बसत न्हाई."

"पितोय मी, चालवतोयस तू. कायद्याचं काय दुखतंय?" भाऊसो खदखदला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "धर जरा गड्या, फुटाण्याची पुडी सोडतो."

सुभेदारांनी हात पुढं केला. नजर रस्त्यावरून बाटलीकडं गेली, तेवढीच. समोर उसाची ट्रॉली उभी होती.

ट्रॉलीच्या मागं लाल फडकं बांधलेलं होतं. तेच ओढून त्यांनी भाऊसोच्या डोक्याला दाबून धरलं, आणि ते रक्तानं भिजून भाऊसोबरोबरच गेलं. लोक जमायच्या आत बाटली उसात भिरकावली. सुभेदारांच्या रक्तात दारूचा थेंब सापडला नाही. पोलिसांना ते म्हणाले, ट्रॉलीला मागं काहीच खूण नव्हती. फौजेतल्या माणसाला कोण उलट विचारणार? गुन्हा ट्रॅक्टरवाल्या वजीरवर लागला.

आज तासगावच्या कोर्टात सुभेदारांची साक्ष होती. तेच एक वाक्य पुन्हा म्हणायचं, की वजीर तुरुंगात. नात सृष्टीला आत्याकडं सोडायचं होतं, म्हणून ती शेजारी बसली होती. आठ वर्षांची पोर, बडबड चालूच. वळण आलं आणि ती एकदम थांबली.

"आबा, सीटखाली काय पळतंय?"

सुभेदारांनी गाडीचा वेग कमी केला. "तुला ऐकू येतंय?"

"व्हय. टोपण हाय वाटतं." तिनं खाली वाकून हात घातला. "लय गार हाय हितं."

"हात काढ!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की पोर रडायला लागली.

आजवर ते एकट्यानं ऐकत होते, तोवर सोसलं होतं. आता ते नातीच्या पायाशी आलं होतं.

आत्याचं घर मागं पडलं तरी गाडी थांबली नाही. कोर्टाच्या आवारात त्यांनी ती झाडाखाली लावली, चावी काढली आणि सृष्टीला घेऊन खाली उतरले. वजीर पायरीवर बसला होता. त्यांना बघून तो उठला.

"आलासा, अण्णा?" एवढंच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"वजीर, तू फडकं बांधलं हुतंस. माझ्या हातानं सोडलं मी त्ये. भाऊसोच्या डोक्याला लावलं. माझी नजर बाटलीवर हुती. बाटली मीच उसात टाकली."

वजीर पुन्हा पायरीवर टेकला. "दोन वरसं माझी आई मला इचारती, फडकं बांधलं हुतंस न्हवं? शेवटी मलाच वाटाया लागलं, बांधलं नसंल."



गाडी बंद होती, जागा सपाट होती. तरी आतून काहीतरी घरंगळलं आणि दाराला येऊन टेकलं. सृष्टीनं आजोबांचा हात घट्ट धरला. वजीरनंही मान वळवून गाडीकडं बघितलं.

"त्ये काय वाजलं, अण्णा?"

"आत सांगतो," सुभेदार म्हणाले, "साहेबांम्होरं." आणि ते पायऱ्या चढू लागले.