दिव्यामागचा हिरवा

कुरिमोतोबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "मोरितासान, ही आमची गाडी नव्हे."

माझं डोकंच फिरलं. कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग हवा, असं त्यांनीच बजावलं होतं. मागचा दिवा काढल्यावर त्याच्याखाली कधीच ऊन न लागलेला तळहाताएवढा पत्रा सापडला. भर उन्हात हिरवा फसवतो, म्हणून ढगाळ दिवस गाठून मी त्याच्याशी रंग जुळवला होता. थेंब थेंब पिवळा घालत.

"आमची राखट हिरवी होती," बाई म्हणाल्या. "मिक्काबीला माझी बस चुकली आणि यांनी गाडी थांबवली, तेव्हापासून बघतेय."

"तेव्हा गाडी किती जुनी होती?"

"असेल सात-आठ वर्षांची."

"मग विटलेलीच बघितलीत तुम्ही. मालकांनी घेतली ती ही अशी."

"मला तीच राखट द्या. हे आता मला ओळखत नाहीत. निदान गाडी तरी ओळखू देत."

"विटका रंग मी मारत नाही. दुसरीकडे जा," मी म्हणालो. बोलून गेलो आणि वाईट वाटलं. "एकदा मालकांना दाखवून तर बघू. नाही ओळखली, तर राखट करून देईन."

मालक राहत होते त्या वृद्धाश्रमाच्या अंगणात मी गाडी उभी केली. म्हातारबुवा काठी टेकत आले आणि थबकले. मग बाहीनं बॉनेट पुसायला लागले.

"हात नका लावू हं," मला दटावलं. "कालच घेतलीय."

बाईंनी माझा दंड घट्ट धरला. ओळखली होती. मी मनातून फुशारलो.

मग ते बाईंकडे वळले, टोपी काढून अदबीनं वाकले. परक्या बाईपुढे वाकावं तसे.

"तुम्हाला कुठे जायचंय?"

बाईंचा चेहरा पडला. ही गाडी नवी होती तेव्हा बाई त्यांच्या आयुष्यात आल्याच नव्हत्या. त्या काळात मीच त्यांना नेऊन सोडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी रुमालाआड डोळे पुसले आणि केस सारखे केले.

"बस चुकली हो माझी," त्या म्हणाल्या.

"मग बसा की. सोडतो."

दोघं आत बसली. म्हातारबुवांनी स्टिअरिंग धरलं, आरसा नीट केला आणि काहीतरी विचारलं. बाई हसल्या. किल्ली माझ्याच खिशात होती. ती कुणी मागितली नाही.